डाव्या पायाचा अंगठा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझी नखं कापणं. पडवीत खुर्चीवर मी, खाली पायरीवर माझी बायको मंजुळा, आणि माझा डावा पाय तिच्या मांडीवर. उजव्या पायाची नखं मी स्वतः कापायचो. डाव्या पायापर्यंत माझा हात पोचत नव्हता, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून. म्हणून तो पाय तिचा. करंगळीपासून सुरुवात करायची आणि अंगठा शेवटी घ्यायचा, ही तिची रीत. अंगठ्याचं नख जाड आहे, शिंपल्यासारखं. गरम पाण्यात भिजवल्याशिवाय नेलकटरला दाद देत नाही.

चार बोटं झाली. तेवढ्यात सविताने, आमच्या सुनेने, देवापुढे दिवा लावला. मंजुळेने लगेच नेलकटर मिटलं. दिवेलागण झाली की नख कापायचं नाही, हे तिला माहेराहून आलेलं.

“अंगठा राहिला,” मी म्हटलं.

“राहू दे. उद्या सकाळी पाणी तापवते न्‌ कापते. पळून जात नाही तुमचा अंगठा.”

पदरात पडलेले तुकडे तिने अंगणातल्या चिकूच्या बुंध्याशी पुरले, हात धुतले आणि भाकऱ्या थापायला गेली. त्या संध्याकाळी याहून वेगळं काही झालं नाही. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय.

सकाळी ती माझ्याआधी उठली. मागच्या दारी चूल पेटवून तिने पातेलं चढवलं होतं. मी तोंड धुवायला गेलो तर भिंतीला टेकून बसलेली, हातात लाकूड तसंच. पाणी खळखळत होतं. दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. पाड्यातल्या बायका जमल्या. पाणी तापलेलं होतंच, तेच विसणून त्यांनी तिला आंघोळ घातली. ते पाणी कशासाठी चढवलं होतं, हे मला एकट्याला माहीत होतं.

•

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायचा सराव नाही. पण ज्यांच्या खुब्यात धातू बसलाय, किंवा बसायचाय, त्यांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून लिहितोय. डॉक्टर त्यांचं सांगतात. घरात काय होतं ते डॉक्टरांना माहीत नसतं.

आमचा पाडा तलासरी तालुक्यात, झाईपासून फार लांब नाही. माझा जन्म गेला चिकूच्या वाड्यांत. कोसबाडच्या बाजूला, बोर्डीच्या बाजूला, जिथे तोड असेल तिथे. शिडी लावायची, फांदीवर जायचं, जाळीच्या काठीने चिकू उतरवायचे, भरलेली टोपली खांद्यावरून खाली आणायची. पन्नाशी ओलांडल्यावर जांघेत दुखायला लागलं. आधी वाटलं लचकलंय. तेल चोळलं, शेकलं, पट्टे बांधले. मग शिडीवर पाय उचलेना. नंतर सायकलवर टांग टाकता येईना. वाडीतले पोरगे म्हणायचे, काकाला घोड्यावर बसवा.

गुजरातेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. आमच्याकडची बरीच माणसं तिकडेच जातात, जवळ पडतं. डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरला. खुब्याचा गोळा आणि त्याची वाटी, मधली गादी संपलेली, हाडावर हाड घासतंय. ते म्हणाले, तुमचं हाड अजून घट्ट आहे, म्हणून सगळा सांधा कापून काढायला नको. गोळा तासून त्यावर धातूची टोपी बसवू, वाटीत धातूची वाटी. मला काही कळलं नाही. मंजुळा म्हणाली, “भांड्याला कल्हई करतात तसं समजा.”

मग तिने डॉक्टरांना विचारलं, हे पुन्हा झाडावर चढतील का. डॉक्टर हसले.

“मावशी, झाड राहू दे. आधी संडासात कसं बसतील ते बघा. खाली उकिडवं बसणं आता बंद.”

घरी आल्यावर तिने बाकी सगळं सोडलं आणि पहिल्यांदा खुर्चीचा संडास बांधून घेतला. तुम्हीही आधी हेच करा. ऑपरेशननंतर गवंडी शोधत बसू नका.

•

हॉस्पिटलातले दिवस सगळे एकसारखे. सकाळी रक्त, मग पुसणं, मग फिजिओवाली बेन. गुजराती मुलगी, बारीक चणीची, पण हाताला ताकद. दोन पायांच्या मध्ये उशी बांधून निजायचं, कुशीवर वळायचं नाही. मंजुळा खाटेखाली चटई टाकून पडायची. सिस्टर ओरडली की बाहेर जायची, सिस्टर वळली की परत खाटेखाली.

मला भीती कशाची वाटायची सांगू? मरणाची नव्हे. थंडीत तो धातू आतल्या आत गार पडेल अशी. वेड्यासारखं वाटेल, पण वाटायचं. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली, तिला सांगितलं. ती हसली नाही. घरी आल्यावर निजताना खुब्यावर हात ठेवायची, म्हणायची, “गरम आहे. झोपा.” पुढे भीती गेली, हात तसाच राहिला.

चालायला तिनेच लावलं. पाड्याच्या वाटेने ओहोळावरच्या मोरीपर्यंत. आधी वॉकर, मग काठी, मग मोकळा. ती कायम डाव्या अंगाला. मी तोल गेला तर तिच्यावर पडेन, जमिनीवर नाही, असा तिचा हिशोब. मोरी आली की म्हणायची, “पुरे.” मला हुरूप यायचा, पुढे जाऊ म्हणायचो. ती वळलेली असायची. गेलो असतो पुढे, तर येताना पाय ओढत आलो असतो, हे आता कळतं. बरं वाटत असताना थांबायचं. ज्यांना ऑपरेशन झालंय त्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं.

नंतर झाईला जायला लागलो, ओहोटीला. पाण्याजवळची ओली घट्ट वाळू चालायला चांगली. वरची भुसभुशीत वाळू वाईट, पाय रुततो आणि खुबा पिरगळतो. वर्षभराने मी पुन्हा वाडीत गेलो. झाडावर चढलो नाही, खालच्या फांद्या काठीने उतरवल्या. चिकू निवडणं, कलमं बांधणं, सगळं उभ्याने किंवा स्टुलावर बसून. अशी बरीच वर्षं काढली. खुब्यात काही आहे हे दिवसच्या दिवस आठवायचं नाही.

एक मात्र झालं नाही. वाकायची बंदी पहिल्या काही महिन्यांपुरती होती. डॉक्टरांनी ती उठवली, मंजुळेने उठवली नाही. बेनने मला दाखवलं होतं, पाय स्टुलावर घ्यायचा, गुडघा बाहेरच्या बाजूला सोडायचा, आणि मधून हात खाली न्यायचा. हळूहळू रोज थोडा. मी घरी करायला बसलो की मंजुळा स्टूल उचलून न्यायची.

“ते मी गेल्यावर शिका. तोवर हे काम माझं.”

•

दहावं झाईच्या किनाऱ्यावर केलं. मला खाली बसता येत नाही, म्हणून सगळं आमच्या रमेशने केलं. मी वाळूत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. खुर्चीचे पाय रुतत होते, मी तिरका होत होतो. न्हाव्याने रमेशचं उरकलं आणि माझ्याकडे आला. सुतकात नखं वाढलेली असतात, तीही कापायची असतात. हाताची कापू दिली. पायाशी बसला तसा मी पाय मागे घेतला. म्हटलं, तिथे हात लावू नको.

पिंड ठेवले. सुरूच्या झाडांवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय. मग एकेकाने बोलायला सुरुवात केली. रमेश म्हणाला, आई, बाबांना काही कमी पडू देणार नाही. सविता म्हणाली, तुमच्या देवाचं सगळं करीन. मंजुळेची बहीण म्हणाली, माहेरची काळजी करू नको. कावळे तसेच.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. “तुम्ही बोला,” तिची बहीण म्हणाली. “तुम्हाला ठाऊक असेल काय राहिलं ते.”

मला ठाऊक होतं. अंगठा राहिला होता. एवढंच म्हणायचं होतं, की मंजुळे, मी नख कापून घेईन, तू जा. मी बोललो नाही. माझ्या मनात आलं, काम अर्धं ठेवून गेलेलं माणूस घुटमळतं म्हणतात ना, मग घुटमळू दे. मी म्हटलं, मला काही माहीत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आले.

•

आणि ती यायला लागली.

तुम्ही मानू नका. मी सांगतो ते ऐका फक्त. रोज दिवेलागणीला मी पडवीत खुर्चीवर बसायचो, डावा पाय पायरीकडे सोडून. सविता आत दिवा लावायची. त्याच्या थोडं आधी टाचेखाली तळहात यायचा. चुलीवरची भाकरी परतणारा, खरखरीत. मग आवाज. टक्. जरा थांबून टक्. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, मग चौथं. आत दिवा लागला की बंद. अंगठ्यापर्यंत कधी आली नाही. त्यामुळे उद्या परत येणार हे नक्की.

मी चालायला जाणं सोडलं. संध्याकाळी बाहेर असलो आणि ती येऊन गेली तर? सकाळी जायला काय हरकत होती, पण सकाळी वाटेवर डावी बाजू मोकळी असायची. घरात ती यायची, वाटेवर येत नव्हती. म्हणून घरातच बसलो. वर्षातून एकदा खुब्याचा फोटो आणि रक्त तपासायला जायचं असतं, तेही टाळलं. पाय आखडला. रमेश म्हणायचा, बाबा, मोरीपर्यंत तरी चला. तो उंबरगावच्या कंपनीत पाळ्या करून दमून यायचा, वर माझ्याशी डोकं लावायचा. मी ओरडायचो. मग तो सविताशी भांडायचा. माझ्यामुळे त्या घरात मोठ्याने बोलणं वाढलं.

अंगठ्याचं नख वाढून वळलं आणि कडेने मांसात शिरलं. दुखायला लागलं. मी पायमोजे घालायला लागलो. उकाड्यात पायमोजे, सविताने विचारलं तर म्हटलं, धातू गार पडतो. लंगडायला लागलो तर सगळ्यांना वाटलं खुबा दुखतोय. मीही तसंच सांगितलं.

मग ताप आला. थंडी भरून, दात वाजवणारा. सविताने पाय पुसायला मोजा काढला तर मोजा चिकटलेला. अंगठा काळानिळा, पू आलेला, लाल रेघ वर घोट्याकडे निघालेली. तिने दार उघडून रमेशला हाक मारली, एवढंच.

•

डहाणूच्या दवाखान्याने हात लावला नाही. खुब्यात धातू आहे म्हटल्यावर ज्यांनी बसवला त्यांच्याकडेच न्या म्हणाले. गुजरातेत गेलो. डॉक्टर तेच, केस पिकलेले. त्यांनी अंगठा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

“काका, नखाने पाय जायचा तुमचा. हा पू रक्तातून टोपीपर्यंत पोचला असेल तर मला टोपी काढावी लागेल. मग काठी नाही, खाट.”

खुब्यात लांब सुई घालून आतलं पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले. सलाईनमधून औषध सुरू झालं. नखाची रुतलेली कड आजच काढतो म्हणाले, आणि मी पाय आखडून घेतला. सिस्टरने धरला तर सोडवून घेतला. डॉक्टर म्हणाले, सुनेशी बोला, मी येतो परत.

खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. घरी आता ती पायरीवर आली असेल आणि खुर्ची रिकामी असेल, एवढंच माझ्या डोक्यात. सविता खाटेशेजारी स्टुलावर बसली. म्हणाली, बाबा, दुखतंय म्हणून नको म्हणता असं नाही. काय ते सांगा.

मी सांगितलं. पातेल्यातल्या पाण्यापासून सगळं. कावळ्याचं सांगितलं. टक् आवाजाचं सांगितलं. ती हसेल किंवा रडेल असं वाटलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं.

“आई रोज येतात?”

“रोज.”

“पायरीवर बसतात?”

“तिथेच.”

“जन्मभर तुमच्या पायाशी बसल्या,” सविता म्हणाली. “आता मेल्यावर पण बसवता? किती राबवणार हो त्यांना?”

इतक्या दिवसांत मी तिचं येणं बघितलं होतं. ती खाली बसलेली आहे, हे बघितलं नव्हतं. तिचे गुडघे दुखायचे. पायरीवरून उठताना भिंतीला हात लावून उठायची.

डॉक्टर आले तेव्हा मी पाय सोडला.

कड काढली. बाकीचं नख ठेवलं, म्हणाले सूज उतरली की घरी भिजवून सरळ कापा, कोपरे गोल करू नका. रिपोर्टची वाट बघणं हे ऑपरेशनपेक्षा वाईट होतं. दार वाजलं की वाटायचं, आले टोपी काढायला. रमेश पाळी टाकून आला होता. माझ्याशी बोलत नव्हता, पण केळ्याची साल काढून हातात देत होता. शेवटी डॉक्टर स्वतः सांगायला आले. पू टोपीपर्यंत गेला नव्हता. थोडं उशिरा आला असतात तर सांगता आलं नसतं, म्हणाले.

बेन आता तिथे नव्हती. दुसरी आली होती, तीही तशीच बारीक. तिला म्हटलं, मला डाव्या पायाला हात पोचवायला शिकव. तिने स्टूल आणलं. गुडघा बाहेर सोडून मधून हात न्यायचा. पहिल्यांदा नडगीपर्यंत गेला. कुरकुर झाली, घाम आला. हॉस्पिटलात होतो तोवर रोज करत राहिलो. निघायच्या आधी बोटं अंगठ्याला लागली. कित्येक वर्षांनी माझा हात माझ्या त्या पायाला लागला. अनोळखी माणसाचा पाय वाटला.

ज्यांच्या शरीरात असा धातू आहे त्यांना सांगतो. पायाची जखम, दाताची कीड, फोड, काहीही लपवू नका. लाज वाटत असेल, दुःख असेल, तरी दाखवा. आणि बायको असेल तर तिच्या देखत स्वतःच्या पायाला हात पोचवायला शिका. तिला राग आला तरी.

•

घरी आलो ते संध्याकाळी. सूज उतरलेली. सविता नेलकटर घेऊन आली, तेच, मंजुळेचं. म्हणाली, आणा, राहिलेलं उरकते. आभाळात उजेड थोडाच होता. मी म्हटलं, दिवे लागायची वेळ झाली. उद्या सकाळी. आणि मी कापीन. ती नेलकटर माझ्याजवळ ठेवून आत गेली.

मी खुर्चीवर बसलो. पाय पायरीकडे सोडला. टाचेखाली हात आला. टक्, करंगळी. टक्, शेजारचं. मी तिच्याशी याआधी कधी बोललो नव्हतो, बोललो तर जाईल म्हणून. त्या दिवशी बोललो.

“मंजुळे, ऊठ. गुडघे दुखतील. उद्याचं मी बघतो.”

आत दिवा लागला.

सकाळी सविता उठायच्या आधी मी मागच्या दारी गेलो. त्या दिवसापासून ती चूल कोणी पेटवली नव्हती, पाणी गॅसवर तापायचं. राख काढली. लाकडं रचली, पेटवली, तेच पातेलं चढवलं. वाकवत नव्हतं म्हणून स्टुलावर बसून फुंकलं. पाणी विसणून घमेल्यात घेतलं आणि पाय बुडवून बसलो. मग पाय स्टुलावर घेतला, गुडघा बाहेर सोडला, आणि मधून हात खाली नेला. पोचला. सरळ कापलं. टक् झालं. तोच आवाज, फक्त हात माझा.

तुकडे चिकूच्या बुंध्याशी पुरले. चप्पल घातली. वाटेने निघालो, एकटा, काठी घेऊन. पाय जड होता, पण जात होता. मोरीपाशी पोचलो तर पुढे जावंसं वाटलं. थोडा वेळ उभा राहिलो, कोणी काही म्हणतंय का ऐकत.

मग मीच म्हटलं, “पुरे,” आणि वळलो.